मोडेम मंद कां चालतो?

सोलापुरांतील घरांत इंटरनेट येण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक काचतंतूच्या तारेचा, आणि दुसरा हवेंतून, म्हणजे मोबाईलच्या टॉवरवरून. पहिला मार्ग जेथें पोंचला आहे तेथें तो उत्तमच. परंतु जुन्या पेठांतील अरुंद बोळांत तार ओढणें कठीण, शहराच्या कडेच्या कित्येक वसाहतींत ती अजून पोंचावयाची असते, आणि जेथें पोंचते तेथेंही रस्त्याचें खोदकाम निघालें कीं ती केव्हां तुटेल याचा नेम नसतो. म्हणून पुष्कळ कुटुंबें दुसऱ्या मार्गाचा अवलंब करितात. फोनमध्यें असतें तसलेंच एक सिमकार्ड राउटरमधील मोडेममध्यें घालावयाचें आणि त्या एका जोडणीवर साऱ्या घराचें काम चालवावयाचें, अशी ही योजना असते. ती नीट चालते तोंवर तिची आठवणही कोणास होत नाहीं. मंदावली म्हणजे मात्र घरांतील प्रत्येक माणूस निराळें निदान सांगूं लागतो.

राउटर म्हणजे दिवे लुकलुकणारी एक पेटी, एवढीच सामान्य समजूत असते. वस्तुतः तो एक लहानसा संगणकच होय. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स या संगणक-व्यवस्थेचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. पुढें लिंक्सिस कंपनीच्या 'डब्ल्यूआरटी ५४ जी' या राउटरच्या पोटांत हीच व्यवस्था असल्याचें जाणकारांच्या लक्षांत आलें. ती ज्या परवान्याखालीं वांटली जाते त्याची अट अशी कीं, ती घालून केलेली वस्तु विकणारानें आपली संकेतावली गिऱ्हाइकास उपलब्ध करून दिली पाहिजे. त्याप्रमाणें २००३ सालीं ती संकेतावली प्रसिद्ध झाली, आणि तिच्या आधारानें २००४ सालीं 'ओपनडब्ल्यूआरटी' हा मोफत प्रकल्प उभा राहिला. आज शेंकडों प्रकारच्या राउटरांवर तो बसवितां येतो. गृहस्थास याचा उपयोग असा कीं, कंपनीची मूळ व्यवस्था जेथें 'सिग्नल चांगला' एवढेंच सांगून गप्प बसते, तेथें लिनक्सवर चालणारा राउटर विचारणाऱ्यास आपल्या पोटांतील सर्व कांहीं सांगतो. प्रश्न विचारावयाचे कसे, हेंच काय तें शिकावयाचें असतें.

समजा, साखर पेठेंतील एका घरांत मुलगी पुण्यांतील कंपनीचें काम घरीं बसून करीत आहे. दिवसांतून तीन वेळां तिची दूरदृश्य बैठक असते. बैठकींत आवाज तुटूं लागला, चित्र गोठूं लागलें, आणि दोन महिन्यांत चार वेळां असें झालें, तर पुण्यास खोली घेऊन राहावें लागेल असें तिला सांगण्यांत येतें. खोलीचें भाडें, खानावळीचा खर्च, आणि मागें सोलापुरांत एकटे राहणारे आईबाप, एवढें सगळें त्या मंद चालणाऱ्या मोडेमवर अवलंबून असतें. अशा वेळीं घाबरून दुकानांत जावें आणि मोठा अँटेना विकत आणावा, त्यानें गुण आला नाहीं तर नवा राउटर आणावा, तोही मंदच चालला म्हणजे सिम बदलावें, ही रीत सर्वत्र दिसते. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार होतो. दोष कोणत्या जागीं आहे हें ठरविण्यापूर्वीं एक रुपयाही खर्च करूं नये.

टॉवरपासून मुलीच्या संगणकापर्यंत माहिती जी वाट चालते तिचे टप्पे असे: टॉवर, मधली हवा, अँटेना, अँटेन्याची तार, मोडेम, मोडेम आणि राउटर यांमधील यूएसबीचा सांधा, राउटरचा मेंदू, आणि शेवटीं घरांतील वायफाय. सगळ्या वाटेचा वेग तिच्या सर्वांत अरुंद टप्प्याएवढाच राहतो. नळाचें पाणी बारीक येत असेल तर तोटी उघडून पाहावयाची, मग टाकी पाहावयाची, मग रस्त्यावरची जोडणी पाहावयाची, तशीच ही तपासणी आहे. आणि तींत एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची हा नियम कसोशीनें पाळावा लागतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला तें कळत नाहीं.

प्रथम मापन. तें वायफायवरून करूं नये. संगणक राउटरला इथरनेटच्या तारेनें जोडून करावें. पहाटे पांच वाजतां, दुपारीं आणि रात्रीं नऊ वाजतां अशीं तीन मापें दोन-तीन दिवस वहींत लिहून ठेवावीं. तारेवर वेग चांगला आणि वायफायवर वाईट असें आढळलें तर मोडेमला दोष देणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला फांशीं देणें होय. आंकडे वाचतांना आणखी एक जपावें. वेगाच्या कसोटींत मेगाबिट मोजतात आणि फाईल उतरवून घेतांना पुष्कळदां मेगाबाईट दिसतात. एका बाईटमध्यें आठ बिट असतात. तेव्हां दोन मेगाबाईट म्हणजे सोळा मेगाबिट हें ध्यानांत घेतलें कीं कित्येक तक्रारी तेथेंच मिटतात.

दुसरी तपासणी खिशाची. आपल्याकडील बहुतेक योजनांत रोज दीड किंवा दोन गिगाबाईट अशी मर्यादा असते, आणि ती संपली कीं वेग ६४ किलोबिटवर येतो. म्हणजे एका मेगाबिटाच्या पंधराव्या भागाच्या आसपास. घरांत तीन फोन आणि एक दूरचित्रवाणी संच त्याच राउटरवर असतील तर ही मर्यादा दुपारींच संपते, आणि सायंकाळीं घरांतले लोक टॉवरला नांवें ठेवतात. रोज ठराविक वेळेनंतर मंद आणि मध्यरात्र उलटतांच पुन्हां चपळ, असें लक्षण दिसलें तर दुसरें निदान शोधूं नये.

तिसरी तपासणी फोनशीं तुलना करण्याची. राउटरमधील तेंच सिम फोनमध्यें घालून, त्याच जागीं, त्याच वेळीं वेग मोजावा. येथें एक फसगत संभवते. भारतांत ५-जी सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजीं झाला आणि नवे फोन आपण होऊन तिच्यावर जातात. राउटरमधील मोडेम ४-जीचा असेल तर ही तुलना बैलगाडीची आगगाडीशीं होते. म्हणून फोन आधीं ४-जीवर बांधून ठेवावा. एवढें करूनही फोन ६० मेगाबिट आणि राउटर १५ दाखवूं लागला, तर मोडेमचा वर्ग कोणता तें पाहावें. चौथ्या वर्गाचा मोडेम, उदाहरणार्थ क्वेक्टेल कंपनीचा ईसी-२५, एका वेळीं एकाच लहरपट्ट्यावर काम करितो आणि त्याची कागदावरील कमाल मर्यादा १५० मेगाबिट असते. सहाव्या वर्गाचा मोडेम दोन पट्टे एकत्र जोडूं शकतो, त्याची मर्यादा ३००. बाराव्या वर्गाचा तीन पट्टे जोडतो, त्याची ६००. चांगला फोन दोनतीन पट्टे जोडून काम करीत असतां चौथ्या वर्गाचा मोडेम त्याच्या मागें राहणें हा बिघाड नव्हे. तेथें पैसे खर्चावयाचेच असतील तर अँटेन्यावर न खर्चितां वरच्या वर्गाच्या मोडेमवर खर्चावे.

आतां हवेचा भाग. फोनवर दिसणाऱ्या चार-पांच दांड्यांवर कोणींही विश्वास ठेवूं नये. किती शक्तीला किती दांड्या दाखवावयाच्या हें ज्याचा तो कारखानदार ठरवितो. मोडेमला खरे आंकडे विचारतां येतात. मोडेमशीं बोलण्याची भाषा मोठी जुनी आहे. अमेरिकेंतील हेज कंपनीनें १९८१ सालीं आपल्या मोडेमसाठीं ती बसविली. तींतील प्रत्येक हुकूम 'ए' आणि 'टी' या दोन अक्षरांनीं सुरू होतो, म्हणजे 'लक्ष दे' असें प्रथम बजावावयाचें. चाळीस वर्षें उलटून गेलीं, तारेवरच्या टेलिफोनचे मोडेम अडगळींत गेले, तरी आजचा ४-जी मोडेम याच दोन अक्षरांना ओ देतो. ओपनडब्ल्यूआरटीवर हे हुकूम देण्याची सोय सहज बसवितां येते.

मिळणाऱ्या आंकड्यांत दोन महत्त्वाचे. पहिला 'आरएसआरपी', म्हणजे टॉवर सतत पाठवीत असलेल्या खुणेच्या लहरींची आपल्यापर्यंत पोंचणारी शक्ति. ती डेसिबेलच्या मापांत आणि ऋण संख्येनें सांगतात. उणे ८० आला तर उत्तम, उणे १०० म्हणजे बेताचा, उणे ११० च्या खालीं गेला तर कठीण. या मापाची पायरी गुणाकाराची असते: दहा डेसिबेल कमी झाले कीं शक्ति एक-दशांश होते, तीन कमी झाले कीं निम्मी. म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांत हजारपटीचें अंतर आहे. उणे १०० ही शक्ति किती म्हणावी, तर एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग! एवढ्या सूक्ष्म स्पंदनांतून दूरदृश्य बैठक उभी राहते, याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

दुसरा आंकडा 'एसआयएनआर', म्हणजे हवा असलेला आवाज आणि नको असलेला गोंगाट यांचें प्रमाण. वेग ठरविण्यांत याचें महत्त्व पहिल्यापेक्षांही अधिक असतें. वर्गांत शांतता असली म्हणजे गुरुजी भरभर सांगतात आणि मुलें अचूक लिहून घेतात. गोंगाट वाढला कीं त्यांना एकेक शब्द तोडून, दोनदां उच्चारून सांगावा लागतो. टॉवरही तसेंच करितो. गोंगाट कमी असला तर लहरीच्या एका स्पंदनावर तो सहा किंवा आठ बिट लादतो. गोंगाटांत दोनच लादतो आणि चुकलेला भाग पुन्हां पाठवितो. हें प्रमाण २० च्या वर गेलें तर उत्तम, १० च्या आसपास मध्यम, शून्याजवळ आलें म्हणजे वेगाची आशा सोडावी. शक्ति भरपूर आणि प्रमाण वाईट, असें दोन टॉवरांच्या मध्यभागीं असलेल्या घरांत वारंवार घडतें. दोघेही एकदम बोलतात आणि एकाचेंही नीट ऐकूं येत नाहीं.

घराच्या भिंतींचाही हिशेब घ्यावयास हवा. जिओचें ४-जी तीन पट्ट्यांवर चालतें: ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ. त्यांच्या लहरींची लांबी अनुक्रमें सुमारें ३५, १७ आणि १३ सेंटिमीटर भरते. लांब लहर भिंतींतून अधिक सहज शिरते, आंखूड लहर अडते. परंतु आंखूड लहरींच्या पट्ट्यांत जागा अधिक असल्यामुळें वेग तेथें जास्त मिळतो. सोलापुरांतील जुन्या धाब्याच्या घरांत माती-दगडाच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचा थर असतो. उन्हाळ्यांत त्या घरासारखें सुख नाहीं, परंतु २३०० च्या लहरींना आंतल्या खोलींत प्रवेश मिळत नाहीं आणि मोडेम ८५० वर येऊन बसतो. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्यें तर दारें-खिडक्या सोडून सगळीकडूनच वाट बंद. राउटर खिडकींत आणून ठेवला एवढ्यानें वेग दुप्पट झाला, असें अशा घरांतून होतें, आणि त्याला खर्च कांहींच लागत नाहीं.

अँटेना बसवावयाचाच झाला तर तेथें चुकांची खाणच आहे. ४-जीचा मोडेम दोन अँटेन्यांनीं एकाच वेळीं दोन निरनिराळे प्रवाह घेतो. मोडेमवर त्यासाठीं दोन बारीक टोपणें असतात. राउटर उघडून पाहिला असतां दोहोंपैकीं एकावरची तार निसटलेली आढळावी, ही अगदीं नेहमींची गोष्ट आहे. दांड्या पूर्ण दिसतात, वेग मात्र निम्मा. दुसरी चूक अधिक फसवी. मोबाईलच्या अँटेन्याचें टोपण 'एसएमए' जातीचें असतें आणि वायफायच्या अँटेन्याचें 'उलट एसएमए' जातीचें. दोघांचे आटे सारखे, त्यामुळें एकाच्या जागीं दुसरा घट्ट बसतो. परंतु मधली सुई आणि तिचें छिद्र यांची अदलाबदल झालेली असते, आणि छिद्रासमोर छिद्र आलें म्हणजे तार जोडलेली दिसूनही स्पर्श होत नाहीं. पिळून घट्ट करणाऱ्यास संशयही येत नाहीं. टोपणाच्या आंत डोळ्यांनीं पाहावें, हा एकच उपाय.

तिसरी चूक तारेच्या लांबीची. अँटेना गच्चीवर, राउटर तळमजल्यावर, आणि मध्यें दहा मीटर बारीक तार, अशी रचना पुष्कळ दुकानदार करून देतात. दोन हजार मेगाहर्ट्झच्या आसपास ही बारीक तार दर मीटरामागें दीड डेसिबेल किंवा त्याहूनही अधिक खाते. दहा मीटरांत पंधरा डेसिबेल, म्हणजे मिळालेल्या शक्तीचा बत्तिसावा भाग काय तो खालीं पोंचतो; अँटेन्यानें वर जें कमावलें तें तारेनें वाटेंत गमावलें. शहाणपणाची रचना याच्या उलट. मोडेम आणि राउटर वर अँटेन्याजवळ ठेवावे, तार हातभर ठेवावी, आणि खालीं इथरनेटची तार आणावी. ती शंभर मीटरपर्यंत वेग गमावीत नाहीं, आणि योग्य जोडणी केली तर त्याच तारेंतून राउटरला वीजही वर नेतां येते.

परंतु गच्ची म्हणजे सोलापूरची गच्ची. मे महिन्यांत येथें पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि उन्हांत ठेवलेल्या पत्र्याच्या पेटींत त्याहून कितीतरी वर. मोडेमची चिप तापली म्हणजे स्वतःचें रक्षण करण्यासाठीं वेग कमी करिते, आणि फारच तापली तर बंद पडून पुन्हां सुरू होते. सकाळीं उत्तम, अकरानंतर मंद, सूर्यास्तानंतर पुन्हां उत्तम, हें उष्णतेचें लक्षण होय. मोडेमला तपमानही विचारतां येतें. पेटी पांढरी असावी, जिन्याच्या खोलीच्या सावलींत असावी, आणि खालीं-वर हवेला वाट असावी. उंच अँटेना लावणारानें वळवाच्या विजांचाही विचार करावा. काठीला भूमिजोड आणि तारेंत वीजरोधक बसविल्याखेरीज तो लावूंच नये.

यापुढील कारण फार थोड्यांस ठाऊक आहे आणि आपल्या देशांत तें विशेष आढळतें. वर सांगितलेला २३०० चा पट्टा २४०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. घरांतील जुन्या पद्धतीचें वायफाय नेमकें २४०० पासूनच सुरू होतें. दोन्ही शेजारी, मध्यें कुंपण जवळजवळ नाहींच. आतां राउटरच्या एकाच पेटींत वायफायचा अँटेना आणि मोडेमचा अँटेना वीतभर अंतरावर असतात. वायफायची लहर वितीवरून येते, टॉवरची दीड-दोन मैलांवरून. कानाशीं कोणी ओरडत असतां दूरची हांक ऐकूं यावी कशी? शिवाय यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीची जोडणीही याच टापूंत गोंगाट करिते. २०१२ सालीं इंटेल कंपनीनेंच तसें मापून प्रसिद्ध केलें आहे. परीक्षा सोपी आहे. २४०० चें वायफाय राउटरमधून पांच मिनिटें बंद करावें, तारेनें जोडलेल्या संगणकावर वेग आणि एसआयएनआर पाहावे. आंकडे एकदम सुधारले तर कारण सांपडलें. मग घरांतलीं उपकरणें ५००० मेगाहर्ट्झच्या वायफायवर न्यावीं, २४०० चालू ठेवणें भागच असेल तर त्याची वाहिनी अकरावी निवडावी, म्हणजे ती टॉवरच्या पट्ट्यापासून शक्य तितकी दूर राहते, आणि मोडेमचा अँटेना पेटीपासून दोन हात लांब ठेवावा.

मोडेम आणि राउटर यांच्या सांध्यांत तीन गोष्टी पाहाव्या. यूएसबीची जोडणी ४८० मेगाबिटची असावयास हवी. खराब तारेमुळें ती कधीं कधीं १२ वर उतरते, आणि मग वर काशी-रामेश्वर केलें तरी १२ च्या पुढें वेग जात नाहीं. 'एलएसयूएसबी' हा हुकूम दिला म्हणजे हा आंकडा समोर येतो. वीजपुरवठा अपुरा असेल तर मोडेम वेग घेतांना अडखळून पुन्हां सुरू होतो. राउटरच्या रोजनिशींत 'यूएसबी सुटली' अशी नोंद वारंवार दिसली तर आधीं विजेचा अडॅप्टर बदलून पाहावा, तो स्वस्त असतो. तिसरी गोष्ट भाषेची. 'पीपीपी' ही पद्धत टेलिफोनच्या तारेच्या काळांतील. ती चालते सर्वत्र, परंतु राउटरच्या मेंदूवर फार ओझें टाकते. तिच्याऐवजीं 'क्यूएमआय' किंवा 'एमबीआयएम' पद्धतीनें मोडेम जोडला असतां तोच मोडेम आणि तोच राउटर चपळ झालेले दिसतात.

मेंदूचें काम पाहण्यास 'टॉप' हा हुकूम आहे. वेगाची कसोटी चालू असतां तो द्यावा. मेंदूचा रिकामा वेळ शून्यावर आला असेल तर अडथळा तेथें आहे. एका गाभ्याचा, ५८० मेगाहर्ट्झचा स्वस्त राउटर शंभर मेगाबिटांच्या पुढें ओढूं शकला नाहीं, तर त्यांत नवल नाहीं. प्रवाहाचें ओझें उतरविण्याची सोय ओपनडब्ल्यूआरटींत आहे, ती सुरू करून पाहावी. आणि रांग-नियमनाची सोय कोणीं पूर्वीं सुरू करून तींत दहा मेगाबिटांचा जुना आंकडा लिहून ठेवला आहे काय, तेंही पाहावें. असा विसरलेला आंकडा नवीन मोडेमलाही दहावरच जखडून ठेवतो.

ही रांग-नियमनाची गोष्ट साखर पेठेंतील त्या मुलीच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. बैठकीस वेग फारसा लागतच नाहीं. तीन-चार मेगाबिट पुरतात. तिला लागते तत्परता. घरांत दुसऱ्या कोणाच्या फोननें लग्नाचीं पांचशें छायाचित्रें चढवावयास घेतलीं कीं मोडेमच्या दाराशीं रांग लागते, आणि बैठकींतला प्रत्येक शब्द त्या रांगेच्या शेवटीं उभा राहतो. एरवीं पन्नास मिलिसेकंदांत परत येणारें उत्तर दीड-दोन सेकंद घेतें. वेगाची कसोटी चाळीस मेगाबिट दाखविते, सगळे म्हणतात 'इंटरनेट चांगलें आहे', आणि तिचा आवाज मात्र तुटतच राहतो. येथें वेग वाढवून उपयोग नाहीं. 'केक' नांवाची रांग-नियमनाची पद्धत सुरू करावी आणि मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ऐंशी ते नव्वद टक्के ठेवावी. मोबाईलचा वेग घटकेघटकेला बदलतो म्हणून मर्यादा आपोआप कमी-अधिक करणारी 'केक-ऑटोरेट' ही जोडही मिळते.

कांहीं संकेतस्थळें उघडतात आणि कांहीं अर्ध्यावर अडकून पडतात, असें असेल तर पाकिटाचा आकार, म्हणजे 'एमटीयू', कमी करून पाहावा. प्रत्येक पान उघडण्यापूर्वीं क्षणभर थांबतें आणि मग भरभर येतें, असें असेल तर नामसूचक सेवा बदलावी. या दोन कारणांत याहून अधिक खोल जाण्याचें कारण सहसा पडत नाहीं.

मोडेमला एखाद्या पट्ट्यावर बांधून ठेवण्याचा हुकूमही देतां येतो. आंतल्या खोलींत तो ८५० ला चिकटला असेल आणि गच्चीवर १८०० चांगला मिळत असेल तर हा उपाय गुणकारी ठरतो. मात्र बांधलेला मोडेम तो पट्टा बंद पडला तर दुसरीकडे जाऊं शकत नाहीं, हें घरांतील एकास तरी सांगून ठेवावें. दोन उपाय मात्र निषिद्ध समजावे. बाजारांत मिळणारा सिग्नल वाढविणारा प्रवर्धक परवान्यावांचून विकणें, बाळगणें वा लावणें बेकायदेशीर आहे. तो आपल्या घराबरोबर टॉवरच्या कानांतही गोंगाट ओततो आणि साऱ्या गल्लीची सेवा बिघडवितो. साधा अँटेना निराळा, हा प्रवर्धक निराळा. तसेंच मोडेमचा ओळख-क्रमांक बदलून तो फोन असल्याचें भासविण्याची युक्ति कोणी सुचवील. २०२३ च्या दूरसंचार कायद्यान्वयें तो गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

हें सर्व तपासूनही पहाटे चाळीस आणि रात्रीं नऊ वाजतां तीन मेगाबिट, असें वहीच दाखवीत असेल, शक्तीचा आंकडा मात्र दोन्ही वेळीं सारखाच असेल, तर दोष घरांत नाहीं. टॉवरचा वेग त्याच्या छायेंतील सर्वांत वांटला जातो. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेंत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशीं, किंवा होम मैदानावर गड्डा भरला असतां, त्या बाजूच्या घरांतील लोकांस याचा अनुभव दरवर्षीं येतो. दांड्या पूर्ण, आणि पान उघडत नाहीं. यात्रा चार दिवसांनीं ओसरते. बारमाही गर्दीवर मात्र घरांतून करण्यासारखा उपाय एवढाच कीं, दुसऱ्या टॉवरकडे तोंड करणारा दिशादर्शी अँटेना लावून पाहावा. तो फिरवितांना शक्तीचा आंकडा पाहूं नये, एसआयएनआर आणि प्रत्यक्ष वेग पाहावा. सोलापूरचा मुलूख सपाट असल्यामुळें गच्चीवरून दूरचा, कमी गर्दीचा टॉवरही पुष्कळदां हातीं लागतो.

तेंही न साधलें तर कंपनीच्या तक्रार-केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. २०१२ च्या नियमांप्रमाणें तेथें समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील-अधिकाऱ्याकडे जातां येतें. तीन वेळांच्या मापांची आणि दोन आंकड्यांची ती वही सोबत असली म्हणजे 'राउटर बंद करून पुन्हां सुरू करा' या ठराविक उत्तरावर बोळवण करणें कोणास सोपें जात नाहीं. शेवटचा मार्ग कंपनी बदलण्याचा. २० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशांत क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलतां येते. १९०० या क्रमांकावर संदेश पाठविला कीं त्यासाठीं लागणारा संकेत मिळतो. परंतु त्यापूर्वीं त्या दुसऱ्या कंपनीचें सिम असलेला शेजाऱ्याचा फोन रात्रीं नऊ वाजतां राउटरच्या जागीं ठेवून वेग मोजून घ्यावा.